२७ मीटरची चोरी

(या भागाचा लिखित मजकूर. वाचायला सोपं जावं म्हणून वाक्यं थोडी नीट केली आहेत, बोलणं मात्र तसंच ठेवलंय.)

आज बोलताना मागं टिटवी ओरडली किंवा कुणी "ए, पाणी सोडलं का रे?" असं विचारलं, तर सांभाळून घ्या. मी सध्या पुण्यात नाही, गावाकडं आहे. आपल्या हिंगोली जिल्ह्यात. हळद शिजवायचे दिवस आहेत, माणसं कमी पडायलीत, म्हणून महिनाभर घरून काम मागून घेतलंय. दिवसा शेत, आणि संध्याकाळी अमेरिकेतली मंडळी उठली की लॅपटॉप. असं चाललंय.

आजचा विषय बेसबॉल आहे. थांबा, लगेच बंद करू नका. हा विषय का घेतला ते आधी सांगतो.

मागच्या आठवड्यात काही कामानं हिंगोलीला मुक्काम झाला. सकाळी लवकर रामलीला मैदानावर गेलो. तिथं भरतीची पोरं पळत होती. कानटोप्या घातलेली, एकमेकांचा वेळ मोबाईलवर मोजणारी. त्यात माझा शाळेतला एक मित्र दिसला. नाव सांगत नाही, त्याला आवडणार नाही. दहावीपर्यंत आमच्या शाळेच्या खो-खो संघाचा तो जीव होता. शेवटच्या तुकडीत उतरायचा आणि समोरच्यांना घाम फोडायचा. जिल्हा खेळला, विभाग खेळला, एकदा राज्यालाही जाऊन आला. पण खेळाडूंसाठी नोकरीत जे ५ टक्के आरक्षण असतं, त्याच्या नियमात त्याचं प्रमाणपत्र बसलं नाही. मग पोलीस भरती. एकदा लेखीत गेला, एकदा मैदानात. आता वयाची मर्यादा जवळ आलीय. ही कदाचित शेवटची भरती.

१६०० मीटर पळून आला, गुडघ्यावर हात ठेवून उभा राहिला. दम घेत मला म्हणाला, "तू शिकलेला माणूस. तू सांग बरं, नुसतं पळून कुणाचं भलं झालंय का आजपर्यंत?"

मला उत्तर देता आलं नाही. "होईल रे, होईल" असं काहीतरी पुटपुटलो. असं बोललो की आपलं आपल्यालाच कळतं, की आपण काहीच बोललो नाही.

तर हा भाग म्हणजे त्याच्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे. आणि उत्तरात जो माणूस आहे तो बेसबॉलचा आहे. मॉरी विल्स त्याचं नाव. लॉस एंजेलिस डॉजर्स या संघाचा शॉर्टस्टॉप. पळणं हाच त्याचा धंदा होता, आणि त्यातही चोरून पळणं.

मला तो सापडला कामातून. आमच्या टीममधला एक जण लॉस एंजेलिसचा. मीटिंग सुरू व्हायच्या आधीची पाच मिनिटं तो बेसबॉलवर बोलतो आणि आम्ही इकडून माना डोलावतो. माना डोलावून कंटाळा आला म्हणून मी एकदा खेळ समजून घ्यायला बसलो. बसलो तो बसलोच.

आता दोन मिनिटांत बेसबॉल. ज्यांना येतं त्यांनी पुढं ढकला.

चौकोनी मैदान समजा, पण एका कोपऱ्यावर उभं केलेलं. चार कोपऱ्यांवर चार बेस. बॅटर एका कोपऱ्यावरून निघतो आणि पहिला, दुसरा, तिसरा बेस करत परत निघाल्या जागी आला की एक धाव. बेसवर पाय असेल तर तुम्ही सुरक्षित. पाय सुटलेला असताना चेंडू हातात असलेल्या गड्यानं तुम्हाला शिवलं की बाद. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या पट्ट्यात जो उभा असतो तो शॉर्टस्टॉप. जास्तीत जास्त जोरकस चेंडू तिकडंच येतात, म्हणून संघातला सगळ्यात चपळ माणूस तिथं ठेवतात.

आणि चोरी म्हणजे काय? समजा तुम्ही पहिल्या बेसवर आहात. चेंडू टाकणारा, म्हणजे पिचर, समोरच्या बॅटरला चेंडू टाकायच्या तयारीत आहे. कुणी काही फटका मारलेला नाही. तेवढ्यात तुम्ही दुसऱ्या बेसकडं सुटता. पोचलात तर तो बेस तुमचा. फुकट मिळाला. याला ते चोरीच म्हणतात.

आता आपल्याकडच्या लोकांसाठी खरी गंमत. एका बेसपासून दुसऱ्या बेसपर्यंतचं अंतर ९० फूट, म्हणजे २७.४३ मीटर. आणि आपल्या खो-खोच्या मैदानाची लांबी किती? २७ मीटर. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा लॅपटॉपसमोर एकटाच हसलो. धावणारा आधीच बेस सोडून तीन-साडेतीन मीटर पुढं येऊन उभा राहतो. म्हणजे खरं पळायचं राहतं ते साधारण २४ मीटर. आपल्या या खांबापासून त्या खांबापर्यंत.

त्यासाठी वेळ किती? पिचरनं हालचाल सुरू केल्यापासून चेंडू कॅचरच्या हातात पडेपर्यंत अंदाजे १.३ सेकंद. कॅचरनं तो काढून दुसऱ्या बेसवर फेकायला अंदाजे २ सेकंद. झाले ३.३ सेकंद. तेवढ्यात तुम्हाला तिथं असायला पाहिजे. चांगला पळणाराही एवढं अंतर साधारण तेवढ्याच वेळात कापतो. म्हणजे नुसत्या वेगावर हिशेब बरोबरीत सुटतो. मग जिंकायचं कुठून? सुरुवातीतून. पिचर आता खरंच बॅटरला चेंडू टाकणार आहे, की वळून मलाच बाद करायला पहिल्या बेसवर फेकणार आहे, हे त्याच्या खांद्यावरून, टाचेवरून, गुडघ्यावरून ओळखायचं. दुसऱ्याच्या आधी ओळखायचं. खो-खो खेळलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. पाठलाग करणारा कुठल्या बाजूला वळणार ते त्याच्या कंबरेवरून कळतं, आणि जो कंबर बघतो तो हुल खात नाही.

आता विल्सकडं येऊ.

जन्म २ ऑक्टोबर १९३२, वॉशिंग्टन शहरात. १३ भावंडं. वडील चर्चमध्ये पाद्री आणि शिवाय नौदलाच्या कारखान्यात कामाला. घर सरकारी वसाहतीतलं. लहानपणी त्यांच्या वस्तीत जेरी प्रिडी नावाचा एक व्यावसायिक खेळाडू मुलांना खेळ दाखवायला आला होता. हे पोरगं अनवाणी खेळत होतं. प्रिडीनं त्याचा खेळ पाहिला आणि आईवडिलांना बूट घेऊन द्यायला सांग म्हणाला. ही आठवण विल्स म्हातारपणापर्यंत सांगायचा. एक गोरा, नावाजलेला खेळाडू आपल्याकडं बघतो आणि आपल्याला बूट असले पाहिजेत असं त्याला वाटतं. गावाकडं अनवाणी खो-खो खेळलेल्या कुणालाही ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

१९५० मध्ये डॉजर्सनं त्याला घेतलं. तेव्हा हा संघ न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये होता. पण घेतलं म्हणजे मोठ्या संघात नाही. तिकडं मुख्य लीगच्या खाली छोट्या लीगच्या पायऱ्या असतात, मायनर लीग. पगार कमी, प्रवास बसचा, गाव रोज नवं. वरच्या संघात शॉर्टस्टॉपच्या जागेवर पी वी रीस होता, त्या काळातला मोठा खेळाडू. तो हलत नव्हता, आणि त्याच्या मागं रांग होती. शिवाय विल्स कृष्णवर्णीय. जॅकी रॉबिन्सननं १९४७ मध्ये मुख्य लीगचं दार उघडलं होतं खरं, पण दक्षिणेकडच्या गावांत संघ एका हॉटेलात आणि काळे खेळाडू दुसरीकडं, अशीच रीत होती.

किती वर्षं काढली त्यानं तिथं? आठ वर्षं पूर्ण झाली, नववं लागलं. वयाच्या १८ व्या वर्षी आत आलेला माणूस २६ वर्षांचा झाला. खेळात २६ म्हणजे कोवळं वय नाही. मध्ये डेट्रॉइटच्या संघानं त्याला आजमावून पाहण्याच्या अटीवर घेतलं, आणि १९५९ चा हंगाम सुरू व्हायच्या आधी परत पाठवलं. म्हणजे माल आवडला नाही, परत घ्या.

आता इथं मी जरा थांबतो. अशा गोष्टी सांगताना आपण लगेच म्हणतो, "बघा, वाट पाहिली, फळ मिळालं." मला ते खरं वाटत नाही. त्याच रांगेत त्याच्यासारखी शेकडो पोरं होती. त्यांनीही आठ-आठ वर्षं वाट पाहिली आणि घरी गेली. त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. नुसतं वाट पाहण्यात काही पुण्य नसतं. वाट पाहताना त्या माणसानं काय केलं, ते बघायला पाहिजे.

विल्सनं दोन गोष्टी केल्या.

पहिली. स्पोकॅन नावाच्या गावी, छोट्या लीगमधल्या सगळ्यात वरच्या पायरीवर, बॉबी ब्रॅगन हा त्याचा व्यवस्थापक होता. विल्स उजव्या हातानं खेळायचा आणि फटक्यात जोर नव्हता. ब्रॅगन म्हणाला, डाव्या बाजूनंही खेळायला शीक. डाव्या बाजूला उभा राहणारा बॅटर पहिल्या बेसच्या पावलाभरानं जवळ असतो. ज्याचं भांडवल पाय आहेत, त्याला एक पाऊल म्हणजे लई झालं. आता विचार करा, पंचविशी ओलांडलेल्या माणसाला आयुष्यभराची सवय उलटी करायला सांगणं म्हणजे काय. मला कुणी उद्या म्हणालं, डाव्या हातानं जेव, तर मी पहिल्याच दिवशी उपाशी उठेन. त्यानं ते केलं.

दुसरी गोष्ट, तो बघत राहिला. कोणता पिचर टाच कधी उचलतो, कोण चेंडू टाकण्याआधी दोनदा मागं बघतो, कोण एकदाच बघतो. खालच्या लीगमध्ये बघायला वेळच वेळ होता.

१९५९ च्या जूनमध्ये मुख्य संघातला शॉर्टस्टॉप डॉन झिमर जायबंदी झाला आणि विल्सला बोलावणं आलं. संघ एव्हाना लॉस एंजेलिसला गेला होता. ६ जूनला तो पहिला सामना खेळला. त्याच वर्षी डॉजर्सनं शिकागो व्हाइट सॉक्सला हरवून वर्ल्ड सिरीज जिंकली. समोरच्या संघाचा शॉर्टस्टॉप कोण, तर व्हेनेझुएलाचा लुईस अपारिसिओ. तोही चोरटाच. सलग नऊ हंगाम अमेरिकन लीगमध्ये सगळ्यात जास्त चोऱ्या त्याच्या नावावर आहेत. म्हणजे त्या वर्षी एकाच मैदानावर दोन संघांचे दोन चोर समोरासमोर.

१९६० मध्ये विल्सनं ५० बेस चोरले. नॅशनल लीगमध्ये १९२३ नंतर कुणी ५० पर्यंत पोचलं नव्हतं. कारण मधल्या काळात खेळ बदलला होता. सगळ्यांना होमरन पाहिजे होती, चेंडू मैदानाबाहेर भिरकावणं. षटकारांच्या जमान्यात चोरट्या एकेरी धावेला जी किंमत, तीच तिथं या चोरीला. जुनाट कला.

आणि मग १९६२. या वर्षासाठीच मी हा भाग करायलो.

विक्रम होता टाय कॉबचा, १९१५ सालचा, एका हंगामात ९६ चोऱ्या. ४७ वर्षं तो कुणी मोडला नव्हता. १९६२ च्या २३ सप्टेंबरला, सेंट लुईसमध्ये, संघाच्या १५६ व्या सामन्यात विल्सनं ९६ वी आणि ९७ वी चोरी केली. हंगाम संपला तेव्हा आकडा होता १०४. त्या वर्षी मुख्य लीगच्या दुसऱ्या कोणत्याही अख्ख्या संघाच्या मिळून एवढ्या चोऱ्या नव्हत्या. एक माणूस एका बाजूला आणि प्रत्येक संघ दुसऱ्या बाजूला.

मी इंजिनिअर माणूस, मला यातला दुसरा आकडा जास्त आवडतो. तो पकडला गेला फक्त १३ वेळा. म्हणजे ११७ प्रयत्न, १०४ यशस्वी, ८९ टक्के. कॉब त्याच्या विक्रमी वर्षात ३८ वेळा पकडला गेला होता. हे महत्त्वाचं का, तर पकडलं जाणं फार महाग पडतं. बेस मिळाला तर थोडा फायदा, पण बाद झालात तर गडीही गेला आणि संधीही गेली. हिशेब करणारे लोक सांगतात, चारातले तीन प्रयत्न तरी जमणार नसतील तर माणसानं बेसवर गप उभं राहावं. विल्स १९६२ मध्ये या रेषेच्या कितीतरी वर होता. आणि तेही प्रत्येक वेळी सगळ्या मैदानाला माहीत असताना, की हा आता पळणार.

लोकांनी त्याला अडवायला काय काय केलं! सॅन फ्रान्सिस्को जायंट्स हे त्यांचे कट्टर वैरी. त्यांच्या मैदानावरच्या माणसांनी पहिल्या बेसजवळची माती पाणी सोडून चिखल करून ठेवली, याला पहिलं पाऊलच जोरात टाकता येऊ नये म्हणून. आपल्याकडं कुस्तीच्या, कबड्डीच्या मैदानात असले उद्योग कमी होतात का? पण विचार करा, एका माणसाच्या एका पावलासाठी अख्खं मैदान भिजवायचं. यापेक्षा मोठं प्रमाणपत्र कुठलं?

त्याच वर्षी जुलैमध्ये ऑल-स्टार सामना त्याच्याच गावात, वॉशिंग्टनमध्ये होता. तो घरी राहिला आणि घरूनच मैदानावर गेला. दारावरचा पहारेकरी आत सोडेना, तू खेळाडू वाटत नाहीस म्हणून. अंगानं तो किरकोळच होता. कसाबसा आत गेला, खेळला आणि सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. बाहेर येताना ती ट्रॉफी त्यानं त्या पहारेकऱ्याला दाखवली, असं तो सांगायचा. (हसतो.) मीही दाखवली असती.

हंगामाच्या शेवटी नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून मतदान झालं. विली मेजच्या नावावर ४९ होमरन होत्या. विल्सच्या नावावर सहा. निकाल विल्स २०९ गुण, मेज २०२. पळणारा जिंकला. डॉजर्स मात्र हरले. दोन्ही संघ बरोबरीत राहिल्यामुळं तीन सामन्यांची निर्णायक मालिका झाली आणि जायंट्सनं ती २-१ अशी घेतली. विल्स त्या हंगामात १६५ सामने खेळला. मूळ वेळापत्रक १६२ सामन्यांचं, वरचे तीन या मालिकेचे. एकही चुकवला नाही.

आणि त्या १६५ सामन्यांत पायांचं काय झालं? प्रत्येक चोरीच्या शेवटी जमिनीवर घसरत जायचं. कडक मातीवर मांडी, नितंब, गुडघा. हंगाम संपत आला तेव्हा त्याचे पाय काळेनिळे झालेले होते, कातडी सोललेली, आत रक्त साकळलेलं. मित्रानं मला परवा त्याची नडगी दाखवली. डांबरी रस्त्यावर पळून पळून दुखायलीय, हात लावू देत नाही. मला लगेच विल्स आठवला.

पुढची दहा वर्षं भराभर सांगतो. १९६० ते १९६५ सलग सहा वर्षं लीगमध्ये सर्वाधिक चोऱ्या, १९६५ मध्ये पुन्हा ९४. १९६३ आणि १९६५ ला वर्ल्ड सिरीज. मग १९६६ च्या शेवटी संघ जपानच्या दौऱ्यावर गेला. गुडघा दुखतो म्हणून विल्स दौरा अर्ध्यात सोडून निघाला आणि नंतर कळलं की हा हवाईमध्ये बँजो वाजवतोय. वाद्य तो खरंच छान वाजवायचा. मालक संतापला, विल्सला पिट्सबर्गला देऊन टाकलं. तिथून माँट्रियल, तिथून १९६९ मध्ये परत डॉजर्स. १९७२ ला खेळ संपला. एकूण ५८६ चोऱ्या. विक्रमही टिकला नाही. १९७४ मध्ये लू ब्रॉकनं ११८ केल्या, १९८२ मध्ये रिकी हेंडरसननं १३०.

आता ज्या भागाचं पोस्टर होत नाही, तो भाग.

१९८० मध्ये सिएटल मरिनर्सनं त्याला व्यवस्थापक केलं. मुख्य लीगमधला तो तिसरा कृष्णवर्णीय व्यवस्थापक. मोठा मान. आणि त्यानं तो घालवला. ८२ सामन्यांत २६ विजय, ५६ पराभव. १९८१ च्या एप्रिलमध्ये तर त्यानं स्वतःच्या मैदानाच्या माणसांना सांगून बॅटरची उभं राहायची चौकट एक फुटानं लांब आखून घेतली, आपल्या बॅटरांना पिचरच्या जवळ सरकता यावं म्हणून. समोरच्या व्यवस्थापकानं ते पकडलं. दोन सामन्यांची बंदी आणि ५०० डॉलर दंड. ज्या माणसासाठी लोकांनी मैदान भिजवलं होतं, तोच आता मैदान बदलायला निघाला होता. पण ज्याला पिचरची टाच दिसायची, त्याला आपण पकडले जाऊ हे दिसलं नाही. महिन्याभरात नोकरी गेली.

त्यामागं कोकेन होतं, दारू होती. हे त्यानं पुढं स्वतः उघडपणे सांगितलं. बरीच वर्षं त्यात गेली. १९८९ पासून तो शुद्धीवर राहिला.

हे मी का सांगतो? कारण माझ्या मित्राला मी अर्धीच गोष्ट सांगितली असती तर ती फसवणूक झाली असती. पळून भलं झालं का? झालं, काही वर्षं. पाय थांबले तेव्हा त्या माणसाला स्वतःचं काय करावं ते कळेना. तिकडं मोठं नाव, मोठा पैसा असूनही. आपल्याकडं तर पाय थांबायच्या आधीच वयाची मर्यादा येते.

पण गोष्ट इथंही संपत नाही.

सावरल्यावर विल्स डॉजर्सकडं परत आला. खेळायला नाही, शिकवायला. हंगामाआधीच्या शिबिरात तो नव्या पोरांना पळणं शिकवायचा. एका कोपऱ्यात त्याची जागा ठरलेली होती. तिथं डेव्ह रॉबर्ट्स नावाचा एक खेळाडू त्याच्याकडं शिकला. हाही असाच. फार मोठा फटकेबाज नाही, संघ बदलत फिरलेला. विल्सनं त्याला एक गोष्ट बजावून ठेवली होती. एक दिवस असा येईल, की मैदानातल्या प्रत्येक माणसाला माहीत असेल की तू आता चोरी करणार आहेस, आणि तुला ती करावीच लागेल. त्या वेळी भिऊ नकोस.

१७ ऑक्टोबर २००४. रॉबर्ट्स आता बॉस्टन रेड सॉक्समध्ये. न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध मालिकेत बॉस्टन ०-३ नं मागं. चौथा सामना, शेवटची नववी पाळी, एका धावेनं मागं. हरले की घरी. समोर पिचर मारियानो रिवेरा, अशा वेळी मोडता न येणारा माणूस. एक गडी पहिल्या बेसवर गेला आणि त्याच्या जागी पळायला रॉबर्ट्सला आत पाठवलं. फक्त पळायला. बॅटही हातात नाही.

सगळ्या मैदानाला माहीत होतं. रिवेरालाही माहीत होतं. त्यानं एकदा वळून पहिल्या बेसवर फेकला. दुसऱ्यांदा फेकला. तिसऱ्यांदा फेकला. चौथ्यांदा त्यानं बॅटरकडं चेंडू टाकला आणि रॉबर्ट्स सुटला. कॅचरची फेक चांगली आली. हाताभराच्या फरकानं हात बेसवर आधी पोचला. पुढच्याच फटक्यावर तो धाव घेऊन आला, बरोबरी झाली, बॉस्टननं तो सामना जिंकला, मग सलग तीन जिंकले आणि पुढं ८६ वर्षांनी वर्ल्ड सिरीजही जिंकली. त्या एका चोरीबद्दल विचारलं की रॉबर्ट्स विल्सचं नाव घेतो. डॉजर्सकडून खेळताना त्यानं विल्सचाच ३० नंबर अंगावर घातला होता. आज तोच डॉजर्सचा व्यवस्थापक आहे.

२००४ मध्ये विल्स ७२ वर्षांचा होता. त्याचे पाय कधीच संपले होते. पण त्या २७ मीटरमध्ये तो होता. माझ्यापुरतं या सगळ्याचं सार एवढंच आहे. पाय कुणाला देता येत नाहीत. बघणं देता येतं.

१९ सप्टेंबर २०२२ ला, ८९ व्या वर्षी विल्स गेला. तिकडच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याला घेतलं नाही. १५ वर्षं त्याच्या नावावर मतदान झालं, पुरेशी मतं पडली नाहीत. पुढच्याच वर्षी, २०२३ मध्ये, लीगनं नियम बदलले. बेस मोठे केले, पिचरनं पहिल्या बेसवर किती वेळा फेकायचं त्यावर बंधन आणलं. सगळ्या लीगच्या मिळून चोऱ्या २,४८६ वरून ३,५०३ झाल्या. २०२४ मध्ये सिनसिनाटीचा एली दे ला क्रूझ यानं ६७ बेस चोरले. तोही शॉर्टस्टॉपच. जुनाट कलेला परत दिवस आले.

दिवस तसे आपल्याकडंही आले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही अंतिम सामन्यांत भारतानं नेपाळला हरवलं, आणि दोन्ही कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. त्याच्याही आधी, आपल्याच मराठवाड्यात, धाराशिवची सारिका काळे. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघाची कर्णधार. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला तो २२ वर्षांनी मिळाला होता. घरात कित्येक वर्षं एका वेळच्या जेवणावर दिवस काढलेत, असं तिनं स्वतः सांगितलंय. पुढं ती तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी झाली. म्हणजे जिनं पळून दाखवलं, तिच्याच हातात पुढच्या पोरींचं पळणं आलं.

हे सगळं मी मित्राला सांगितलं. परवा संध्याकाळी, त्याच्या गावात, शाळेच्या मैदानावर. मला माहीत नव्हतं, पण तो रोज संध्याकाळी तिथं सातवी-आठवीच्या मुलींना खो-खो शिकवतो. पैसे नाहीत, कुणी नेमलेलं नाही. मैदानाच्या रेघा चुन्यानं स्वतःच मारतो.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. रॉबर्ट्सच्या चोरीला "आयला!" म्हणाला. मग विचारलं, "म्हणजे त्याला नोकरी लागली ती शिकवायचीच ना शेवटी?"

म्हणलं, "हो."

"पगार होता का?"

म्हणलं, "असणार की."

"मग बरंय," म्हणाला आणि उठला. एका मुलीला थांबवून तिला सांगायला लागला, "पायाकडं बघू नको गं तिच्या. कंबर बघ, कंबर. कंबर खोटं बोलत नाही." ती पोरगी परत खांबाकडं गेली. पुढच्या वेळी पाठलाग करणारी डावीकडं झुकली आणि ही उजवीकडून निसटली, अगदी शेवटच्या क्षणाला. बसलेल्या पोरींनी एकच गिल्ला केला.

भरतीचं मैदान पुढच्या महिन्यात आहे. तो जाणार आहे, सकाळचं पळणं सोडलेलं नाही. निकाल काय लागेल ते मला माहीत नाही. मी त्याला "होईल रे" म्हणालो नाही या वेळी. सोमवारी सकाळी त्याचा वेळ मोजायला मैदानावर जाणार आहे, एवढंच ठरलंय.

तर मंडळी, आजचा भाग इथंच थांबवतो. तुमच्या गावात असं कुणी स्वतःच्या हातानं चुना मारून पोरांना पळायला शिकवत असेल, तर एकदा संध्याकाळी जाऊन बघून या. हळदीची कढई उतरवायची वेळ झालीय, मला हाका मारायलेत. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.